तरण्या पावसात राजहंसगडावर हुडकाहुडकी (डबा मिळाला नाही)

तिसरं_गेट | रविवार, १३ जुलै, रात्री ९:४०

मंडळी, आज सहकुटुंब सपाटून मार खाऊन आलोय. पावसाचा. अंगात दोन-दोन स्वेटर घालून, आल्याचा चहा पीत लिहितोय, तेव्हा शुद्धलेखनाचं सांभाळून घ्या.

ज्यांना जिओकॅशिंग ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. कुणीतरी एक डबा कुठंतरी लपवतं आणि त्या जागेचे अक्षांश-रेखांश देतं. बाकीच्यांनी मोबाइल घेऊन तो हुडकायचा. डब्यात वही असते, तीत नाव-तारीख लिहायची. आतली एखादी चीज उचलली तर त्याच तोलाची दुसरी ठेवायची, आणि डबा होता तसा लपवून परत यायचं. जगभर लोक खेळतात. आमच्या धाकट्या काकांनी मे महिन्यात सुट्टीला आले तेव्हा हे वेड पोरांना लावलं आणि जाताना बेळगावजवळच्या राजहंसगडाच्या बाजूला एक डबा लपवून पुण्याला गेले. कुठं नोंदणी वगैरे नाही, घरचा मामला.

पोरांनी तेव्हापासून डोकं खाल्लं होतं. जून शाळेत गेला. परवा काकांना फोन लावला, आकडे लिहून घेतले आणि आज निघालो. मी, बायको, थोरली (वय ११), धाकटा (वय ७) आणि आमची आई. आई गाडीतून उतरणार नाही या बोलीवर आली होती आणि उतरलीही नाही. सगळ्यांत शहाणी तीच.

वडगाव सोडलं तेव्हा नुसती भुरभुर होती. येळ्ळूरच्या शिवारात नट्टी (भाताची लावणी) जोरात सुरू होती. प्लास्टिकच्या खोळी पांघरलेल्या बायका ओळीनं वाकलेल्या आणि मधून ट्रॅक्टर चिखल करत चाललेला. थोरली शाळेत शिकलेलं कन्नड पाजळत रस्त्याकडेच्या पाट्या घडाघडा वाचत होती. मला अजून अक्षरं जुळवावी लागतात.

गाडी गडाच्या खाली लावली. वरपर्यंत रस्ता आहे, पण चालायला म्हणून आलो तर चालायलाच पाहिजे हा माझा हट्ट. अर्ध्यावर गेलो नाही तोवर धुकं आलं आणि त्याच्या मागोमाग पाऊस. सरळ पडणारा नव्हे, आडवा. बायकोची छत्री पहिल्या झपाट्यात उलटी झाली. वर शिवाजी महाराजांचा एवढा मोठा पुतळा उभा आहे, पण त्या धुक्यात पुतळाच काय, गडाचा तटसुद्धा दिसेना.

मोबाइल पाण्यानं बावचळला. बोट एकीकडे लावावं तर उघडावं दुसरंच. शेवटी शर्टाच्या पोटाशी धरून बघत राहिलो. बाणाच्या मागं मागं जात एका मुरमाड उतारावर पोचलो. स्क्रीनवर अंतर ४ मीटर, मग ९, मग २, मग १४. चारी बाजूंनी करवंदीच्या जाळ्या. काकांनी खूण सांगितली होती, "बसल्या बैलासारखा दगड." तिथं बैल सोडा, बसलं वासरूही नव्हतं.

पाऊण तास हुडकलं. धाकट्याचे ओठ निळे पडायला लागले. मी म्हटलं, पाच मिनिटं अजून बघू. बायको म्हणाली, "ही तिसरी पाच मिनिटं." आणि दोघांना घेऊन उतरायला लागली. मी मागून गेलो. काय करणार?

खाली दोन बायका बांधावर चहा घेत होत्या. एकीनं विचारलं, "काय हुडकालाय हो एवढ्या पावसात?" म्हटलं, डबा. "जेवणाचा? वर इसरलासा काय? कुत्र्यानं नेला असंल." थोरलीला हसू आवरेना.

तर प्रश्न असा: पावसामुळे जीपीएस इतकं चुकतं का? की काकांनी आकडेच चुकीचे दिलेत?

शहापुरी | रविवार, रात्री ९:५८

काय गा, पोरांस्नी घेऊन तरण्यात गडावर? डोस्कं ठिकाणावर हाय न्हवं? आमची आजी म्हणायची, तरणा लागला की जनावर गोठ्याबाहेर काढू नये. तू तर अख्खं बिऱ्हाड काढलास.

डबा मे महिन्यात ठेवलाय म्हणतोस. आतापर्यंत तो तिळारीला पोचला असणार.

नागपूरची_संत्री | रविवार, रात्री १०:१५

छान लिहिलंय, वाचताना मलाच थंडी वाजली. दोन शंका. तरणा पाऊस म्हणजे काय? आणि हुडकणे हा शब्द तुमच्याकडे सर्रास वापरतात का? आमच्याकडे शोधणेच.

मलप्रभा | रविवार, रात्री १०:३१

संत्रीताई, पुनर्वसू नक्षत्राचा तो तरणा पाऊस. साधारण ५-६ जुलैपासून दोन आठवडे. त्यानंतर पुष्य लागतं, तो म्हातारा. तरणा दांडगाई करतो, म्हातारा दिवसभर कण्हत बसतो. आणि हुडकणे आमच्या तोंडचंच. कन्नडात 'हुडुकु' म्हणजे शोध. इकडं शब्दांनी सीमा कधी पाळली नाही.

आता तिसरं_गेट यांच्यासाठी. राग मानू नका, पण मी खानापूर तालुक्यातली आहे. राजहंसगडाचा पाऊस म्हणजे आमच्याकडची उघडीप. आमच्या आमगावात २०१० साली १०,०६८ मिलिमीटर पाऊस मोजला होता. आणि त्याच जिल्ह्यात तिकडं अथणीला लोक ढगाकडे डोळे लावून बसतात. म्हणून सांगते, तुमची ती 'पाच मिनिटं' वाईट. भिजलेल्या सुती कपड्यात वारा लागला की लहान मूल मोठ्या माणसापेक्षा फार लवकर गार पडतं. ओठ निळे होणं ही सुरुवात नव्हे, सुरुवात आधीच झालेली असते. मूल चिडचिडं होतं, मग एकदम गप्प होतं. तिथंच परतायचं.

आम्ही घरातून निघतानाच परतीची वेळ ठरवतो आणि ती गाडीत बसणाऱ्याला सांगून जातो. तुमच्या आई होत्याच की.

वहिनींना माझा नमस्कार सांगा.

तिसरं_गेट | रविवार, रात्री १०:४४

सांगितला. तिनं प्रतिसाद मोठ्यानं दोनदा वाचून दाखवला.

सुती कपड्यांचं मान्य. धाकट्याच्या रेनकोटाखाली शाळेचा जाड सुती टी-शर्ट होता आणि गळ्यातून पाणी आत गेलं होतं. गाडीत आईनं आपली शाल काढून त्याला गुंडाळलं, भडंग चारलं. दहा मिनिटांत पोपट परत बोलायला लागला.

पेठेतला_पांथस्थ | सोमवार, सकाळी ७:५०

मुळात प्रश्न असा पडतो की यात गंमत काय? डबा आपणच लपवायचा, आपणच शोधायचा, आत पाच रुपयांचा भोवरा. त्यापेक्षा गड बघा, इतिहास सांगा मुलांना. मोबाइलमध्ये डोकं घालून गडावर फिरणं मला तरी पटत नाही.

तिसरं_गेट | सोमवार, सकाळी ८:२०

पांथस्थ, पटतं थोडंसं. पण माझा अनुभव उलटा आहे. याआधी दोनदा पोरांना याच गडावर नेलं होतं. दोन्ही वेळा "कधी जायचं घरी?" हे पालुपद. काल पाऊण तास धो-धो पावसात एकदाही कुणी विचारलं नाही. विचारलं ते त्यांच्या आईनं.

मलप्रभा | सोमवार, सकाळी ८:३५

एक सांगायचं राहिलं. हुडकताना मुलांना दगडांच्या फटीत हात घालू देऊ नका. पावसाळ्यात बिळात पाणी शिरलं की फुरसं, घोणस असल्याच कोरड्या सांद्या धरून बसतात. आधी काठी, मग टॉर्च, आणि हात सगळ्यांत शेवटी, तोही मोठ्या माणसाचा. गडाच्या तटाचे दगड तर हलवूच नका. एक चिरा सैल झाला की पुढच्या पावसाळ्यात चार निखळतात.

तिसरं_गेट | सोमवार, सकाळी ८:४१

काठी होती. तटाबद्दल काकांची सक्त ताकीद आहे. डबा गडात नाही, खालच्या अंगाला एका ओळखीच्या शेतकऱ्याच्या जागेत, त्याला विचारून ठेवलाय. पुरलेलाही नाही. जागामालकाला विचारायचं आणि खड्डा खणायचा नाही, हे खेळाचे मूळ नियमच आहेत म्हणे.

साखळी_कंपास | सोमवार, दुपारी २:०५

मी मोजणी खात्यातून निवृत्त. साखळी ओढण्यापासून उपग्रहापर्यंत सगळं या हातांनी केलंय, म्हणून चार ओळी जास्त लिहितो.

पावसाला उगाच दोष देऊ नका. जीपीएसची लहर ढग आणि पाऊस यांना फारशी जुमानत नाही. मोकळ्या आभाळाखाली साधा मोबाइलही पाचेक मीटरच्या आत जागा दाखवतो. घोळ होतो तो दाट झाडीत, त्यातही पानं ओली असली तर, आणि उंच भिंतीजवळ किंवा कड्याखाली, जिथं लहर आपटून मग फोनकडे येते. तुमचा आकडा ४, ९, २, १४ असा नाचत होता ना? ते एवढंच. म्हणजे फोन तुम्हाला बरोबर त्या ठिकाणी घेऊन गेला होता, जे ठिकाण तुम्ही त्याला सांगितलंत.

मोबाइलच्या पाकिटाला चुंबकाचं झाकण असेल तर होकायंत्र बिघडतं, बाण भलतीकडे फिरतो. पण अंतर त्यानं चुकत नाही.

तेव्हा माझा संशय आकड्यांवर आहे. काकांनी काय सांगितलं आणि तुम्ही काय टाकलंत, दोन्ही जसंच्या तसं लिहा. जागा उघड नको असेल तर अंश-मिनिटं गाळा, पुढचं द्या.

तिसरं_गेट | सोमवार, संध्याकाळी ६:३०

काका फोनवर बोलले ते असं: उत्तर पंधरा, मग मिनिटं, मग "झिरो एट फाइव्ह". पूर्व चौऱ्याहत्तर, मग मिनिटं, मग "झिरो सिक्स झिरो".

मी ॲपमध्ये अंश, मिनिटं, सेकंद अशा रकान्यांत टाकलं. सेकंदांच्या जागी ०८.५ आणि ०६.०. बरोबर ना?

साखळी_कंपास | सोमवार, संध्याकाळी ६:५२

सापडला तुमचा डबा. घरबसल्या.

या खेळात आकडे अंश आणि दशांश मिनिटं असे देतात, सेकंदात नाही. काकांचं झिरो एट फाइव्ह म्हणजे मिनिटांच्या पुढचं टिंब ०८५, म्हणजे ०.०८५ मिनिट. एका मिनिटाचे ६० सेकंद, म्हणून ते झाले ५.१ सेकंद. तुम्ही टाकले ८.५. फरक ३.४ सेकंद. अक्षांशाचा एक सेकंद जमिनीवर सुमारे ३१ मीटर, तेव्हा तुम्ही १०५ मीटर जास्त उत्तरेला गेलात.

रेखांशाचं तसंच. ०.०६० मिनिट म्हणजे ३.६ सेकंद, तुम्ही टाकले ६. फरक २.४ सेकंद. आपल्या अक्षांशावर रेखांशाचा सेकंद जरा आखूड, ३० मीटरला थोडा कमी. म्हणजे ७१ मीटर पूर्वेला. दोन्ही मिळून काटकोन त्रिकोणाचा कर्ण काढा, १२७ मीटर येतो. डबा तुमच्या उतारापासून नैऋत्येला, सव्वाशे मीटरवर बसून तुमची मजा बघत होता.

नशीब आकडे लहान होते. टिंबापुढं ०८५ ऐवजी ८५० असतं तर तुम्ही किलोमीटरभर लांब कुणाच्यातरी भातात उभे असता.

अवांतर: टिंब खाल्ल्यानं जमिनीचे खटले उभे राहिलेले मी पाहिलेत. हे तर खेळणं आहे.

शहापुरी | सोमवार, संध्याकाळी ७:०३

लै भारी!! गुरुजी, पाय कुठायत तुमचे?

आन् तिसरं गेट, तू इंजिनेर हैस न्हवं?

तिसरं_गेट | सोमवार, संध्याकाळी ७:१०

आहे. कृपया हे घरी कळू देऊ नका. थोरलीनं आताच त्रिकोण काढून कर्ण तपासला. १२६.७५ आला म्हणते.

दूरदेशी | सोमवार, रात्री ११:२५

मी बाहेर असतो, इथं मुलांबरोबर खेळतो. थोडा इतिहास, कारण तोही आकड्यांच्या चुकीशीच जोडलेला आहे. २००० सालापर्यंत अमेरिकन सरकार सामान्य लोकांसाठीच्या जीपीएसमध्ये मुद्दाम चूक मिसळत असे, शंभरेक मीटरची. म्हणजे तेव्हा सगळेच तिसरं_गेट होते. २ मे २००० रोजी ती चूक काढली आणि दुसऱ्याच दिवशी ओरेगॉन राज्यात डेव्ह अल्मर नावाच्या माणसानं जंगलात एक काळी बादली ठेवून तिचे आकडे इंटरनेटवर टाकले. खेळ तिथून सुरू.

आणि सापडला नाही तर तीही नोंद करायची असते, लाज वाटून घ्यायची नाही. डबा लपवणाऱ्याला त्यावरूनच कळतं की काहीतरी बिघडलंय.

पेठेतला_पांथस्थ | मंगळवार, सकाळी ९:१५

कर्णाचा भाग आवडला. पहिला आक्षेप निम्मा मागे.

तिसरं_गेट | रविवार, २० जुलै, संध्याकाळी ५:१५

धागा वर काढतोय.

आज परत गेलो. यावेळी मलप्रभाताईंच्या नियमानं: साडेअकराला काहीही झालं तरी गाडीपाशी. आईच्या हातात घड्याळ. मुलांच्या अंगात लगेच वाळणारे कपडे, पाठपिशवीत प्लास्टिकमध्ये बांधलेला कोरडा जोड. फोन पारदर्शक पिशवीत. आता म्हातारा लागलाय, त्यामुळे झिमझिम होती, पण वारा नव्हता.

आकडे दशांश मिनिटांत टाकले. बाण पायवाटेच्या एका वळणावर थांबला आणि बायकोनं माझ्याकडे बघितलं, मी तिच्याकडे. बसल्या बैलासारखा दगड. वशिंडासकट. गेल्या रविवारी चढताना याच दगडाशी आम्ही थांबलो होतो. कारण धाकट्याला लागली होती आणि तो याच बैलाच्या आडोशाला जाऊन आला होता.

म्हणजे पहिला पोचला तोच. फक्त त्याला कळलं नाही.

काठीनं चाचपलं, टॉर्च मारला, मग मी हात घातला. डबा होता. चारी बाजूंनी कड्या लागणारा, हिरव्या रंगानं माखलेला. पण एका कोपऱ्याला रुपयाएवढं भोक. कडा कुरतडलेल्या. आत गढूळ पाणी, त्यात गोट्या, एक भोवरा, जुनी नाणी आणि एका चकचकीत कागदाच्या चिंध्या. वही मात्र काकांनी दुहेरी पिशवीत घातली होती, तिचे कोपरे तेवढे फुगलेले.

तिथूनच काकांना फोन लावला. आधी आढेवेढे घेतले, मग कबूल झाले: पोरांना बक्षीस म्हणून गोकाकचं करदंट (डिंक-सुक्यामेव्याची मिठाई) ठेवलं होतं. पाव किलो.

दूरदेशी | रविवार, संध्याकाळी ५:४०

अहो! डब्यात खायचं ठेवायचं नाही हा तर पहिला नियम! मुंग्या, उंदीर, घुशी, सगळे तुमच्या आधी पोचतात. प्लास्टिक त्यांना पापडासारखं. शिवाय अत्तर, साबण, वासाचं काहीच नको.

तिसरं_गेट | रविवार, संध्याकाळी ५:५५

काकांना वाचून दाखवलं. ते म्हणतात, त्या पहिल्या बादलीत बीन्सचा डबा होता की नव्हता, विचार त्याला.

दूरदेशी | रविवार, संध्याकाळी ६:१०

होता. पण तो पत्र्याचा बंद डबा होता. आणि त्यातूनच लोक शिकले. काकांना दंडवत.

साखळी_कंपास | रविवार, संध्याकाळी ६:३२

वहीत पेनानं लिहिलंत की पेन्सिलीनं? पेन असेल तर पुढच्या पावसात निळं पाणी होईल. आमची मोजणीची वही कायम पेन्सिलीचीच असायची.

तिसरं_गेट | रविवार, संध्याकाळी ६:४८

पेन्सिल. काकांनी डब्यातच ठेवली होती, तेवढं एक बरोबर केलं. ओल्या कागदावर टोक रुतत होतं, पण उठलं.

पहिली नोंद काकांची, मे महिन्यातली. त्याखाली थोरलीनं दोन नोंदी केल्या. मी म्हटलं एकच पुरे, तर म्हणाली दूरदेशीकाकांनी सांगितलंय. जशीच्या तशी देतो:

"१३ जुलै. आलो होतो. सापडला नाही. बाबांनी टिंब खाल्लं. भाऊ इथेच शू करून गेला.
२० जुलै. सापडला. करदंट घुशीनं खाल्लं. आम्ही गोट्या घेतल्या आणि छत्रीची तुटलेली काडी ठेवली."

साडेअकराला पाच मिनिटं कमी असताना गाडीपाशी होतो. फुटका डबा घरी आणलाय. जागामालकांना सांगून पुढच्या रविवारी स्टीलचा ठेवणार. त्यांच्या घरी चहा झाला. त्यांची बायको मला बघून हसायला लागली. बांधावरच्या त्या दोघींतली एक तीच होती. "घावला काय डबा? जेवण हुतं न्हवं आत?" म्हटलं, हो, होतं.

मलप्रभा | रविवार, संध्याकाळी ७:०५

छत्रीची काडी हे त्याच तोलाचं नाही. पण चालेल.

ऑक्टोबरात जांबोटीकडे या, मी एक लपवून ठेवते. आता नको. धबधब्यांकडच्या वाटांवर या दिवसांत वनखातं सोडत नाही आणि सोडलं तरी जळवा सोडत नाहीत.

शहापुरी | रविवार, संध्याकाळी ७:२०

ताई, आकडे फोनवर सांगू नगासा ह्याला. लिहून द्या. टिंबाभोवती लाल गोल काढून.